लाल बटण दाबलं की पडणारं मशीन : नागपूरच्या कारखानदारांना आणि सुरक्षा संचालनालयाला खुलं पत्र

प्रति,
औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय, नागपूर विभाग,
तसेच बुटीबोरी, हिंगणा, कळमेश्वर आणि मिहान इथले कारखानदार, गोदाममालक व त्यांचे सुरक्षा अधिकारी

विषय : मानवाकृती रोबो कामाच्या जागी आणण्याआधी ठरवायच्या गोष्टी

महोदय, महोदया,

आपल्याकडच्या जवळजवळ प्रत्येक मशीनवर एक लाल बटण असतं. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगतात, काही विचित्र दिसलं तर विचार करत बसू नको, हे दाब. प्रेस थांबते, कन्व्हेयर थांबतो, लेथचा चक थांबतो. थांबलेलं मशीन म्हणजे सुरक्षित मशीन, या एका गृहीतकावर आपली कुंपणं, परमिट आणि भिंतीवरच्या सूचना उभ्या आहेत. दोन पायांवर चालणाऱ्या रोबोला हे गृहीतक लागू होत नाही. त्याचं बटण दाबलं की तो पडतो.

हा प्रश्न आत्ताच काढायचं कारण किंमत. चीनच्या युनिट्री कंपनीने 2024 मध्ये 'जी1' हा सुमारे 130 सेंटिमीटर उंचीचा, 35 किलोचा रोबो 16,000 डॉलरला बाजारात आणला. पुढच्याच वर्षी तिचा 'आर1' 5,900 डॉलरपासून सुरू झाला. आयातशुल्क धरलं नाही, तर हा दुसरा साधारण एका लहान मोटारीच्या किमतीत पडतो. एवढ्या रकमेला संचालक मंडळाची मंजुरी लागत नाही. प्लांट हेडच्या अधिकारात पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, निघतो, आणि सुरक्षा अधिकाऱ्याला खोकं गेटवर आल्यावर कळतं. बारा-पंधरा लाखांचं वेल्डिंगचं रोबोसेल घेताना कुंपण, लाइट कर्टन (माणूस आडवा आला की मशीन थांबवणारा किरणांचा पडदा), दार उघडताच मशीन थांबवणारा इंटरलॉक हे सगळं कोटेशनमध्येच येतं. इथे फक्त खोकं येतं. आत रोबो, चार्जर आणि रिमोट.

आता थांबण्याविषयी जरा बारकाईने. मशीनच्या विद्युत सामग्रीसाठीच्या आयईसी 60204-1 या आंतरराष्ट्रीय मानकात थांबवण्याचे तीन प्रकार दिलेले आहेत. प्रकार 0 म्हणजे पुरवठा ताबडतोब तोडणं. प्रकार 1 म्हणजे आधी मशीन आटोक्यात आणून थांबवणं आणि मग पुरवठा तोडणं. प्रकार 2 मध्ये मशीन थांबतं, पण पुरवठा चालूच राहतो. आणीबाणीच्या बटणासाठी पहिले दोनच चालतात. जमिनीला बोल्ट केलेल्या सहा अक्षांच्या रोबोहाताला प्रकार 0 दिला तर सांध्यांतले ब्रेक आवळतात आणि हात आहे त्या जागी गोठतो. ह्युमनॉइडचं, म्हणजे मानवाकृती रोबोचं, तसं नाही. हलक्या यंत्रांत बऱ्याचदा सांध्यांना ब्रेकच नसतात, त्यामुळे पुरवठा गेला की गुडघे मोडतात आणि यंत्र कोसळतं. ब्रेक असले तरी फार फरक पडत नाही. चालता चालता गोठलेला पुतळा म्हणजे तोल गेलेला पुतळा. उभं राहणं हीच त्याची सतत चालू असलेली क्रिया आहे, सेकंदाला शेकडो वेळा घोटे आणि कंबर सावरत राहण्याची.

प्रकार 1 शक्य आहे. बटण दाबल्यावर यंत्र दोन-तीन सेकंदांत गुडघ्यावर बसेल, मग पुरवठा जाईल. विक्रेते हेच दाखवतात आणि ते चांगलंही दिसतं. पण बिघाड तोल सांभाळणाऱ्या भागातच असेल तर? घोट्याचा एन्कोडर, म्हणजे सांध्याचा कोन मोजणारा सेन्सर, चुकीचं वाचतो आहे, म्हणून कुणीतरी बटण दाबलं. आता 'नीट खाली बस' ही आज्ञा त्याच एन्कोडरच्या भरवशावर पाळली जाणार. म्हणून विक्रेत्याला विचारायचा प्रश्न 'बटण आहे का' हा नाही. बटण दाबल्यापासून यंत्र जमिनीवर स्थिर होईपर्यंत किती वेळ लागतो, आणि एक सांधा निकामी असताना तोच वेळ किती, हे विचारा. दुसऱ्या आकड्याला उत्तर आलं नाही, तर ते उत्तरच समजा.

पडण्याचा हिशेब शाळेतल्या भौतिकशास्त्राचा आहे. 170 सेंटिमीटर उंच, 60 किलोचं यंत्र घ्या, गुरुत्वमध्य 90 सेंटिमीटरवर. उभ्याचं आडवं होताना सुमारे 530 ज्यूल ऊर्जा मोकळी होते. 50 किलोचा गव्हाचा कट्टा कमरेच्या थोडं वरून सोडावा, तेवढी. काठीसारखं सरळ पडलं तर डोक्याचा वेग जमिनीशी ताशी 25 किलोमीटर होतो, आणि तोल गेल्यापासून सगळा खेळ एक-दीड सेकंदाचा. लहानखुरा जी1 काठीसारखा पडला तरी डोकं ताशी 22 किलोमीटरने येतं. माणसाच्या बरोबरीने काम करणाऱ्या रोबोहातांसाठी आयएसओ/टीएस 15066 मध्ये 2016 सालीच शरीराच्या 29 ठिकाणी किती बळ चालेल याच्या मर्यादा ठरल्या. दाबला गेलेला हात 140 न्यूटन, चेहरा फक्त 65 न्यूटन. रोबोहाताची हालचाल या मर्यादेत बसवता येते, आणि त्याचं प्रमाणपत्रही मिळू शकतं. अख्खं यंत्र अंगावर पडण्याची मर्यादा त्या तक्त्यात कुठे बसवणार? औद्योगिक रोबोंचं आयएसओ 10218 मानक 2025 मध्ये नव्याने आलं. स्वतःचा तोल स्वतः सांभाळणाऱ्या यंत्रांसाठी वेगळं आयएसओ 25785-1 तयार होत आहे. तेव्हा 'सगळी प्रमाणपत्रं आहेत' असं कुणी म्हणालं, तर कोणत्या मानकाचं, हे आधी वाचावं.

मानक येईपर्यंत काय करायचं? यासाठी आपल्याकडे एक नियम आहे, तो हेल्परलाही पाठ असतो : टांगलेल्या लोडखाली उभं राहायचं नाही. क्रेनचं सर्टिफिकेट ताजं असो, स्लिंग नवी असो, खाली उभं राहायचं नाही म्हणजे नाही. उभा ह्युमनॉइड हा टांगलेलाच लोड आहे. फक्त हुक वरती नसून सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याच्या उंचीच्या दुप्पट अंतरात, म्हणजे 170 सेंटिमीटरच्या यंत्राभोवती साधारण साडेतीन मीटरच्या वर्तुळात, तो उभा असेपर्यंत माणूस नको. दुप्पट का? स्वतःची उंची, पुढे पसरलेले हात, आणि पडण्याआधी सावरण्यासाठी टाकलेली एक-दोन पावलं. हातात क्रेट असेल तर तो याहून पुढे जातो, म्हणून क्रेट उचलण्याच्या दिशेला आणखी एक मीटर ठेवावा.

अडचण अशी की लोडखालून बाजूला होणारा माणूस ह्युमनॉइडच्या शेजारी मात्र बिनधास्त उभा राहतो. प्रेसला तोंड नसतं, याला असतं. दोन पाय, दोन हात, मान वळते, म्हणजे आपण दिसतो आहोत, हा बाजूला होईल, असं मनात पक्कं बसतं. प्रत्यक्षात कॅमेरे बहुतेक पुढे असतात, खाली पायाजवळचा भाग दिसेलच असं नाही, आणि मागून आलेल्या माणसाची दखल घ्यायला वेगळा सेन्सर लागतो. डोळ्यांच्या जागी लावलेले दिवे शोभेचेही असू शकतात. आमच्या मते या यंत्रांना चेहरा देणं हीच सुरक्षेच्या दृष्टीने पहिली चूक आहे. पण ते आपल्या हातात नाही. आपल्या हातात जमिनीवरचा पिवळा रंग आहे.

पहिल्यांदा चालू करताना सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून क्रम सांगतो. यंत्राच्या वजनाच्या किमान दुप्पट क्षमतेची गँट्री (टांगायची चौकट) आणि टेस्ट सर्टिफिकेट असलेला पट्टा. यंत्र टांगलेलं असतानाच बॅटरी बसवायची. मग एकेक सांधा कमी टॉर्कवर हलवून त्याचं शून्यस्थान तपासायचं. यात एका सांध्याची चार-पाच अंशांची चूक पुरते, जमिनीवर टेकताच यंत्र त्या बाजूला लाथ मारतं. त्यानंतर पाय पूर्ण टेकवायचे, पट्टा किंचित ढिला करायचा, आणि मगच तोलाचा प्रोग्राम चालू करायचा. पाय हवेत असताना तो प्रोग्राम चालू केला, तर पायांखालून अपेक्षित प्रतिक्रिया येत नाही. यंत्राला वाटतं आपण पडतो आहोत. ते आणखी जोराने सावरायला बघतं, त्याने झोका वाढतो, झोक्याने त्याची खात्री पटते. काही सेकंदांत हात-पाय चारी दिशांना फेकले जातात. टांगलेला रोबो पिसाळल्यासारखा झटके देतो अशी दृश्यं 2025 मध्ये बऱ्याच जणांनी मोबाइलवर पाहिली असतील. त्यात यंत्राला राग वगैरे आला नव्हता. सॉफ्टवेअर बदललं की हा सगळा क्रम पुन्हा. रात्री इंटरनेटवरून अपडेट आला आणि सकाळच्या शिफ्टला चाल बदललेली आढळली, हे चालणार नाही. आपोआप अपडेट बंद ठेवा.

लॉकआउटचंही, म्हणजे दुरुस्तीआधी पुरवठा तोडून कुलूप लावण्याचंही, तेच. मेंटेनन्सचा माणूस सवयीने भिंतीवरच्या आयसोलेटरला कुलूप लावेल, टॅग टांगेल आणि आत हात घालेल. इथे ऊर्जा भिंतीत नाही, यंत्राच्या धडात आहे. बॅटरी काढून ती कुलपाच्या पेटीत ठेवणं हेच लॉकआउट, आणि बॅटरी काढायची ती यंत्र टांगलेलं किंवा आडवं असतानाच. उभ्याची काढली तर ते काढणाऱ्याच्याच अंगावर येतं.

आता नागपूरचा प्रश्न. आपल्याकडे 23 मे 2013 ला पारा 47.9 अंशांवर गेला होता. पंचेचाळीस तर बहुतेक उन्हाळ्यांत येतात-जातात, आणि पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त असतं. औद्योगिक रोबोंच्या माहितीपत्रकात वापराची वरची मर्यादा सहसा 40 किंवा 45 अंश असते. लिथियम-आयन सेल साधारण 45 अंशांच्या वर चार्ज करू नयेत असं उत्पादक सांगतात, आणि काम करून आलेला पॅक भोवतालच्या हवेपेक्षा गरमच असतो. म्हणजे दुपारी दोन वाजता पॅक आधी थंड करायचा, मग चार्जरला लावायचा. 'दोन तास काम, एक तास चार्जिंग' हे कोटेशनमधलं गणित मे महिन्यात मोडतं. चार्जिंगची खोली वेगळी, थंड आणि बाहेरच्या भिंतीला लागून असावी. जिनिंगमध्ये रुईच्या गाठींजवळ तर ती मुळीच नको. पेटलेला लिथियम पॅक पावडरच्या सिलिंडरने विझल्यासारखा दिसतो आणि आतल्या उष्णतेने पुन्हा पेटतो. त्याला भरपूर पाणी आणि मोकळी जागा लागते.

बॅटरीपेक्षा गुडघा जास्त त्रास देतो. बहुतेक ह्युमनॉइड गुडघे थोडे वाकवून उभे राहतात, कारण सरळ पायाने तोल सावरणं अवघड जातं. वाकलेला गुडघा म्हणजे नुसतं उभं असतानाही मोटरमधून सतत करंट. आपण पाच मिनिटं अर्धवट बैठक धरून पाहिली की कळतं. उन्हाळ्यात याच मोटरचं तापमान आधी मर्यादेला टेकतं, आणि मोटर वाचवण्यासाठी ड्राइव्ह, म्हणजे तिला चालवणारं सर्किट, ती बंद करतो. पंपाची मोटर ट्रिप झाली तर पंप थांबतो. गुडघ्याची ट्रिप झाली तर यंत्र पडतं. लाल बटणाला कुणाचा हातही लागलेला नसतो.

धूळ हा वेगळा पाहुणा. कोराडी-खापरखेड्याकडची राख, मॅंगनीजची बारीक भुकटी, जिनिंगमधले रुईचे तंतू. तंतू पंख्यांच्या जाळीवर नमद्यासारखे बसतात. राख सांध्यांच्या सीलमधून आत जाते आणि हार्मोनिक गिअरच्या ग्रीसची पेस्ट करते. मग सांध्याला ढिलाई येते आणि केसभर ढिलाई पावलाशी मोठी होते. बोटं तर आधीच नाजूक. पातळ केबलवर चालणारी बोटं हा या यंत्राचा सगळ्यात लवकर झिजणारा भाग, तेव्हा सुट्या भागांच्या यादीत हात पहिला लिहून घ्या. आणि सेन्सरवर किती विश्वास ठेवायचा याची आठवण नागपूरला वेगळी करून द्यायला नको. मे 2024 च्या अखेरीस इथल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने 56 अंशांचा आकडा दाखवला होता आणि हवामान विभागाने तो सेन्सरचा दोष असल्याचं सांगितलं. तो आकडा बातम्यांत फिरला आणि विरला. तसाच दोष घोट्याच्या सेन्सरला आला, तर यंत्र तो खरा मानून पाऊल टाकतं.

कामगारांच्या पोटाचा प्रश्न यापेक्षा मोठा आहे, आणि त्यात भीतीही चुकीच्या ठिकाणी आहे. हमालांचं काम जाणार, असं बोललं जातं. कळमन्याच्या बाजारात हमाल 50 किलोचा कट्टा पाठीवर घेतो. कट्टा आकार बदलतो, मधोमध लोंबतो, शिवणीशी घसरतो. अजिलिटी रोबोटिक्सच्या 'डिजिट' या ह्युमनॉइडची उचलण्याची क्षमता सुमारे 16 किलो आहे, आणि तीही ताठ कडांच्या प्लास्टिक क्रेटसाठी. जी1 चा हात दोन-तीन किलोंवर थांबतो. संत्र्याची पेटी उचलणं एक वेळ जमेल, पण मऊ सालीचं एकेक संत्रं न दाबता प्रतवारी करून ठेवणं बोटांच्या स्पर्शाचं काम आहे, आणि तिथेच ही यंत्रं सगळ्यात मागे आहेत. फिटर, वायरमन, मोल्ड बदलणारा माणूस यांच्या कामालाही तूर्त धक्का नाही.

धक्का आहे तो ट्रॉलीवरून क्रेट उचलून कन्व्हेयरवर ठेवणाऱ्याला. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या एका गोदामात डिजिट 2024 पासून नेमकं हेच करतो. साउथ कॅरोलायनात बीएमडब्ल्यूच्या कारखान्यात फिगर कंपनीच्या रोबोला पत्र्याचे भाग फिक्स्चरमध्ये ठेवण्याचं काम दिलं गेलं. मिहान आणि वर्धा रोडवरच्या गोदामांत हे काम करणारी माणसं बहुतेक कंत्राटी आहेत. त्यांना कमी करायचं तर नोटीसही निघत नाही, ठेकेदाराचा आकडा 40 वरून 28 होतो आणि बाराजण सोमवारी येत नाहीत. म्हणून कायद्यातली एक तरतूद इथे मुद्दाम सांगतो. तंत्र बदलल्यामुळे कामगारकपात होण्याची शक्यता असेल, तर बदलाच्या 21 दिवस आधी नोटीस द्यावी लागते. औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम 9अ मध्ये ती होती आणि 21 नोव्हेंबर 2025 ला अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेतही ती आहे. कायमच्या कामगारांना ती लावायची आणि कंत्राटी माणसांना तोंडी निरोप द्यायचा, हा प्रकार व्यवस्थापनांनी स्वतःहून टाळावा. रोबोच्या प्रस्तावासोबत त्या जागेवर आज कोण काम करतं, ती यादी जोडा. ठेकेदाराची माणसं धरून.

प्रदर्शनातले व्हिडिओ पाहून हिशेब मांडू नका. बीजिंगला एप्रिल 2025 मध्ये ह्युमनॉइडांची अर्धमॅरेथॉन झाली. पहिला आलेला 'तिआनगोंग' 2 तास 40 मिनिटांत पोहोचला खरा, पण वाटेत एकदा पडला, तीन वेळा बॅटरी बदलली, आणि सोबत माणसं धावत होती. ती सोबतची माणसं कोटेशनमध्ये नसतात. समजा यंत्र ताशी 300 क्रेट उचलतं आणि शंभरातले 99 नीट ठेवतं. ऐकायला झकास. पण म्हणजे तासाला तीन क्रेट पडले, आठ तासांत 24. प्रत्येक वेळी लाइन थांबवून क्रेट उचलायला, यंत्र पुन्हा रांगेला लावायला तीन मिनिटं धरली तर 72 मिनिटं गेली. शंभरात 99 च्या जागी हजारात 999 आले, तरच माणूस शेजारी न ठेवता चालेल. तेव्हा विक्रेत्याकडून सलग आठ तासांचा, न कापलेला, मूळ वेगातला व्हिडिओ मागा. आणि त्या 24 वेळा आत कोण जाणार? तोच कंत्राटी पोरगा, ज्याला कामावरून कमी केलं नाही म्हणून बरं वाटत होतं. आता तो पिवळ्या वर्तुळाच्या आत आहे. डिजिट त्या गोदामात माणसांपासून वेगळ्या केलेल्या जागेत काम करतो, ही गोष्ट व्हिडिओत कुणी बोलून दाखवत नाही.

विजेची चिंता मात्र करू नका. टेस्लाने 2022 मध्ये दाखवलेल्या 'ऑप्टिमस'चा पॅक 2.3 किलोवॉट-तासांचा होता. म्हणजे सव्वादोन युनिट. बिल चहापाण्याइतकं.

कॅमेऱ्यांबद्दल थोडक्यात, पण ठामपणे. यंत्र अडलं की दूर बसलेला ऑपरेटर हेडसेट घालून त्याच्या डोळ्यांनी पाहतो आणि त्याच्या हातांनी काम करतो. घरकामासाठी 20,000 डॉलरला जाहीर झालेल्या वनएक्स कंपनीच्या 'निओ'बद्दल कंपनीनेच हे 2025 मध्ये उघड सांगितलं. कारखान्यात, रुग्णालयाच्या वॉर्डात, महिलांच्या विश्रांतीच्या खोलीजवळ फिरणाऱ्या यंत्रामागे कोण बसलं आहे, कोणत्या देशात, आणि चित्रण किती दिवस राहतं, हे करारात लिहिलेलं हवं. माणूस पाहत असताना यंत्रावर वेगळ्या रंगाचा दिवा लागावा. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा 2023 चा आहे आणि त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, त्यामुळे 'आम्हाला माहीत नव्हतं' ही सबब फार दिवस टिकणार नाही. सप्टेंबर 2025 मध्ये सुरक्षा संशोधकांनी युनिट्रीच्या यंत्रांतली ब्लूटूथची त्रुटी उघड केली. वाय-फाय जोडण्याच्या सोयीतून यंत्राचा पूर्ण ताबा घेता येत होता आणि एक बाधित यंत्र टप्प्यातल्या दुसऱ्याला बाधित करू शकत होतं. रोबोला पीएलसीच्या, म्हणजे मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरच्या, नेटवर्कवर जोडू नका. वेगळं नेटवर्क, आणि सेटअप झाला की ब्लूटूथ बंद.

हे सगळं कारखान्यांचं झालं. पण नागपूरकरांची ह्युमनॉइडशी पहिली भेट बहुधा बुटीबोरीत होणार नाही. ती होईल लग्नाच्या हॉलमध्ये किंवा मॉलच्या उद्घाटनाला, भाड्याने आणलेल्या जी1 शी. तिथे ना परमिट, ना पिवळी पट्टी. मुलं त्याला मिठी मारतात, आईबाप फोटो काढतात. शेकडो मोबाइल आणि डीजेची वायरलेस यंत्रणा एकाच 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात असताना रिमोटचा दुवा तुटू शकतो. तुटल्यावर यंत्र काय करतं, जागीच थांबतं, बसतं की शेवटची आज्ञा चालवत राहतं, हे आयोजकाला सांगता आलं नाही तर कार्यक्रमाला परवानगी देऊ नये. तीन मीटरवर दोरी, आत दोनच माणसं, त्यातल्या एकाचा अंगठा सतत स्टॉपवर, आणि नाचताना लहान मूल दोरीच्या आत आलं की नाच बंद. माणसाच्या आकाराचं काही गर्दीतून मिरवायचं म्हटलं तर नागपूरला मारबत आणि बडग्यांचे पुतळे पुरेसे आहेत. बडग्या निदान स्वतःहून हलत नाही. पुढच्या वर्षी कुणी हौशी मंडळ मिरवणुकीत रोबो चालवायचं म्हणेल, त्याला आत्ताच नाही म्हणून ठेवा.

आणि मुळात पाय कशाला? सपाट फरशीच्या गोदामात चार चाकांवर बसवलेले दोन हात तेच काम करतात. बटण दाबलं की ते थांबतात, पडत नाहीत, आणि गुडघे तापायला गुडघेच नसतात. केरळात 2018 मध्ये मॅनहोल साफ करण्यासाठी 'बॅंडिकूट' हे यंत्र वापरात आलं. ते माणसासारखं दिसत नाही. सांगाडा तोंडाशी उभा राहतो आणि हात खाली जातो. सुरक्षासाधनांशिवाय मॅनहोलच्या सफाईला माणूस उतरवण्यावर 2013 च्या कायद्याने बंदी आहे, तरी देशात त्यात माणसं मरतात. रोबोसाठी पैसा असेल तर तो तिथे आधी जावा. तसंच बॉयलरचं बंकर, सायलो, जिनिंगची धुळीची खोली. जिथे माणसाने जाऊच नये, तिथे यंत्र घाला, आणि त्या जागेला जो आकार लागतो तो द्या. पायऱ्या, शिड्या, माणसासाठीच बांधलेल्या अरुंद जागा असतील तिथे पायांचा विचार करता येईल.

संचालनालयाकडे आमची मागणी मोठी नाही. मानक येण्याची वाट न पाहता एक पानी सूचना काढा. ह्युमनॉइड कारखान्यात आणण्याआधी कळवणं, उंचीच्या दुप्पट अंतराचं मोकळं वर्तुळ, टांगून चालू करण्याचा क्रम, बॅटरी काढणं हेच लॉकआउट. शिवाय पडण्याची प्रत्येक घटना, कुणाला लागलं नसलं तरी, नोंदवहीत. हा शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. आज कुठलं यंत्र किती तासांनी पडतं हे विक्रेता सोडून कुणाकडे लिहिलेलं नाही. भाड्याने आणलेल्या यंत्राची जबाबदारी कारखान्याच्या भोगवटादाराकडेच राहील, असं त्या पानावर स्पष्ट असावं. नाहीतर अपघातानंतर विक्रेता सॉफ्टवेअरवाल्याकडे बोट दाखवेल आणि सॉफ्टवेअरवाला परदेशातल्या ऑपरेटरकडे.

कारखानदारांनी खरेदीच्या आधी विक्रेत्याकडे एकच चाचणी मागावी. जाड मॅट अंथरा, यंत्र पूर्ण वेगाने चालवा, हातात भरलेला क्रेट द्या, आणि मधेच लाल बटण दाबा. यंत्र कुठे पडलं, क्रेट कुठे गेला, ते टेपने मोजा. तीन वेळा करा. चाचणीच्या दिवशी मदत लागली तर टेप, खडू आणि गँट्री घेऊन आम्ही येऊ, पैसे नकोत. विक्रेता मॅटवर पाडायला तयार नसेल, तर त्याला विचारा, शॉप फ्लोअरवर पडल्यावर वॉरंटी लागू आहे का.

आपले,
बुटीबोरी व हिंगणा पट्ट्यात देखभाल, विद्युत आणि सुरक्षा विभागांत काम करणारे काही जण
नागपूर